सत्तेचाळिसाव्या वर्षी धनुष्य हातात घ्यावं का?

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार.

आम्ही तोक्योत निशी-कासाईला राहतो. नवरा आयटीत आहे, माझं वय ४७. मुलगा गेल्या वर्षी इंजिनिअरिंगला पुण्याला गेला, तेव्हापासून दोन खोल्यांचं घरही अंगावर येतं. आमच्या वॉर्डाच्या पत्रकात क्यूदोच्या, म्हणजे जपानी धनुर्विद्येच्या, नवशिक्यांसाठीच्या वर्गाची माहिती आली आहे. आठवड्यातून एक दिवस, दुपारी. मला जावंसं वाटतंय, पण घरात चेष्टा चालू आहे. नवरा म्हणतो, "या वयात काय महाभारत करणार आहेस?" सासूबाई व्हिडिओ कॉलवर म्हणाल्या, त्यापेक्षा जिमला जा, वजन तरी उतरेल. मैत्रीण म्हणते, शिकायचंच तर ज्यूदो शीक, वेळ आली तर उपयोगी पडेल.

मला हे का करायचंय ते माझं मलाच नीट सांगता येत नाही. शाळकरी मुली ट्रेनमधून कापडात गुंडाळलेली लांबलचक धनुष्यं नेताना दिसतात, तेव्हापासून डोक्यात आहे. याचा खरंच काही फायदा असतो का? दोन वर्षांपूर्वी माझा उजवा खांदा आखडला होता, फ्रोझन शोल्डर. आता बरा आहे. मी डावरी आहे. जपानी कामचलाऊ येतं. आणि तिथे देव्हाऱ्यासारखं काही असतं, त्याच्यापुढे वाकावं लागतं म्हणे. दुपारचे दोन ते पाच मला खायला उठतात, एवढं मात्र खरं.

एक वाचक, तोक्यो


उत्तर

नमस्कार.

जा. नाव नोंदवा. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचता येईल. मी नागोयाला असताना वॉर्डाच्याच एका क्यूदोजोमध्ये, म्हणजे क्यूदोच्या सरावाच्या जागी, काही वर्षं धनुष्य ओढलं आहे, त्यामुळे जे सांगते ते ऐकीव नाही. पण तुमच्या घरच्यांनी जे फायदे-तोटे काढले आहेत, त्यांचा हिशेब आधी उरकून घेऊ.

सासूबाईंचं म्हणणं खरं आहे. क्यूदोनं वजन उतरत नाही. दोन तासांच्या वर्गात तुम्ही मोजके बाण सोडाल, उरलेला वेळ रांगेत उभं राहण्यात आणि दुसऱ्याचं बघण्यात जाईल. घाम येतो तो ऑगस्टमध्ये, आणि तोक्योत ऑगस्टमध्ये नुसतं बसलं तरी येतो. वजनच उतरवायचं असेल तर निशी-कासाईहून समुद्राकडे चालत जा आणि चालत या, फुकट आहे.

मैत्रिणीचं म्हणणं निम्मं खरं. क्यूदोचं धनुष्य साधारण २२१ सेंटिमीटर लांब असतं. लिफ्टमध्ये शिरताना ते तिरकं करावं लागतं. ते घेऊन तुम्ही पाय रोवून, श्वास सोडून, आठ टप्प्यांत बाण सोडेपर्यंत चोर घरी जाऊन जेवून झोपलेला असेल. स्वसंरक्षणासाठी हे शिकू नये, आणि कुणी तसं सांगून वर्गाला बोलावत असेल तर तिथे जाऊ नये.

ज्यूदोबद्दल मात्र दोन शब्द. १८८२ मध्ये कानो जिगोरो यांनी तोक्योतल्या एका बौद्ध मंदिराच्या जागेत कोदोकान ही ज्यूदोची शाळा सुरू केली. जुजुत्सू या जुन्या झटापटीच्या विद्येतली धोक्याची तंत्रं बाजूला काढून त्यांनी ते शिकवण्याजोगं केलं, आणि पडायचं कसं हे आधी शिकवलं. पडता येणं ही साठीनंतरच्या माणसाला फार उपयोगाची गोष्ट आहे, हे मान्य. पण सत्तेचाळिसाव्या वर्षी, बऱ्या झालेल्या खांद्यासकट, दुसऱ्याकडून चटईवर आपटून घ्यायला सुरुवात करावी असं मी म्हणणार नाही. जपानच्या शाळांमध्ये ज्यूदो करताना गेल्या काही दशकांत शंभरावर मुलं दगावली, बरीचशी डोक्याला मार लागून. २०१२ पासून माध्यमिक शाळांत बुदो, म्हणजे जपानी युद्धकला, सक्तीचं झालं तेव्हा पालकांनी यावरून बरीच ओरड केली, आणि ती रास्त होती. आयकिदो या दुसऱ्या युद्धकलेत स्पर्धा नसते, निदान मुख्य शाखेत नसते, पण मनगटं आणि गुडघे कामाला लागतात. नागिनाता, म्हणजे लांब दांड्याच्या पात्याचं शस्त्र, तिकडे बायकांची गर्दी जास्त, आणि ते बघायला फार सुरेख आहे. जवळ वर्ग असेल तर एकदा जरूर बघून या. पण तुमच्या डोक्यात धनुष्य आहे. मग धनुष्यच घ्या.

आता महाभारत. नवऱ्याला सांगा, महाभारत समजायलाही हे उपयोगी आहे. ऑलिम्पिकची तिरंदाजी बघितलीत तर खेळाडू तीन बोटांनी दोरी ओढतात. जपानी धनुष्याची दोरी ओढतात अंगठ्यानं. उजव्या हातात हरणाच्या कातड्याचा हातमोजा घालायचा, त्याला युगाके म्हणतात. त्याच्या अंगठ्यात कडक साचा असतो आणि अंगठ्याच्या बुडाशी एक खाच. त्या खाचेत दोरी अडकते, बाकीची बोटं अंगठ्याला वरून धरून ठेवतात. पहिल्यांदा तो हातमोजा घालून दोरी ताणली की एकलव्याकडे नेमका अंगठाच का मागितला, हे न सांगता कळतं. अंगठा गेला की त्या पद्धतीची धनुर्विद्याच संपली.

पण अर्जुनाची पोपटाच्या डोळ्याची गोष्ट मात्र दारातच ठेवून आत जा. आपल्या डोक्यात ती इतकी बसलेली असते की धनुष्य म्हटलं की नेम. क्यूदोच्या शिक्षकांना तुमच्या डोळ्याशी फार नंतर काम असतं. त्यांचं काम सुरू होतं तुमच्या पायांपासून. आठ टप्प्यांतला पहिला टप्पा, अशिबुमी, म्हणजे फक्त पाय ठेवणं: दोन पावलांत साधारण तुमच्या निम्म्या उंचीइतकं अंतर आणि साठ अंशांचा कोन, दोन्ही अंगठे लक्ष्याच्या रेषेत. दुसरा टप्पा, दोझुकुरी, म्हणजे त्या पायांवर धड नीट ठेवणं. पहिले दोन टप्पे होतात तरी धनुष्य उचललेलंच नसतं. पहिले काही आठवडे तर हातात खरं धनुष्यही नसतं. एका छोट्या दांड्याला रबर बांधलेलं असतं, ते ओढायचं. मग हलकं धनुष्य, पण बाणाशिवाय. मग बाण, पण दोन-अडीच मीटरवरच्या गवताच्या पेंढीत. खरं लक्ष्य २८ मीटरवर असतं, ३६ सेंटिमीटर व्यासाचं, आणि तिथून ते मोठ्या बशीएवढं दिसतं. तिथपर्यंत पोचायला कित्येक महिने जातात. कुणाला त्याचा वैताग येतो आणि तो तिसऱ्या आठवड्याला गळतो. तुम्ही गळणार नाही असं मला वाटतं, कारण तुम्हाला दुपार घालवायची आहे. आणि त्यात वाईट काही नाही.

मग फायदा काय? तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, पण ज्यांना आधी फायदा पटवावा लागतो त्यांना तो सहसा मिळत नाही असं माझं निरीक्षण आहे.

पहिला फायदा उभं राहण्याचा. आपण मोबाइलवर मान घालून, ओट्याशी एका पायावर भार देऊन, खांदे पुढे टाकून दिवस काढतो. इथे कुणीतरी तुम्हाला मागून, पुढून, बाजूनं बघतं आणि दर वेळी तेच सांगतं: डावा खांदा वर आलाय, कंबर लक्ष्याकडे कललीये, हनुवटी पुढे गेलीये. धनुष्य डोक्याच्या वर उचलून दोन्ही हात बाजूंना उघडत खाली आणायचं असतं, त्यामुळे ताकद दंडांतून नाही, पाठीच्या फऱ्यांमधून यावी लागते. दंडानं ओढायला गेलात तर हात थरथरतो आणि बाण भलतीकडे जातो. काही महिन्यांनी तुम्ही ट्रेनमध्ये उभ्या असाल आणि लक्षात येईल, आपण दोन्ही पायांवर उभे आहोत. पाठदुखी बरी होते असं मी म्हणत नाही. पण पाठ आहे याची आठवण राहते, आणि ती बऱ्याच जणांना पन्नाशीपर्यंत नसते.

दुसरा फायदा सांगायला जरा लांबवर जावं लागेल. दोरी पूर्ण ताणली की काइ नावाची अवस्था येते. बाण गालाशी टेकलेला, दोरी कानामागे, दोन्ही हात विरुद्ध दिशांना ताणत असतात आणि बाहेरून बघणाऱ्याला सगळं थांबल्यासारखं दिसतं. इथे काही सेकंद थांबायचं. बस, एवढंच. सांगायला सोपं आहे. करताना काय होतं, की मन म्हणतं सोड आता, सोड, लागेल. आणि हात सुटतो, आपण ठरवायच्या आधीच. याला हायाके म्हणतात, आणि हा क्यूदोतला जुना, चिवट रोग आहे. नवशिक्यांना होतो तसाच वर्षानुवर्षं ओढणाऱ्यांनाही होतो. नागोयाला आमच्याकडे एक निवृत्त शिक्षक होते, चौथ्या दानचे (दान म्हणजे परीक्षा देऊन मिळणारा दर्जा), स्वभावानं अतिशय शांत. त्यांचा बाण ओठांपर्यंत यायच्या आत सुटायचा. ते हताश होऊन हसायचे आणि परत रबराच्या धनुष्याकडे जायचे, आमच्यासारख्या नवख्यांच्या शेजारी. याच्या उलटाही एक रोग आहे: काही जणांना सोडताच येत नाही, हात थरथरायला लागेपर्यंत ते ताणून उभे राहतात.

मी हे लांबण लावून सांगतेय, कारण 'एकाग्रता वाढते' असं जे पत्रकांत छापलेलं असतं ते फार गुळगुळीत आहे. एकाग्रता आपोआप वाढत नाही. होतं असं की तुमची घाई, तुमची भीती, 'लोक बघतायत' हा विचार, हे सगळं तुमच्या हातातून बाहेर पडतं आणि सगळ्यांना दिसतं. इथे लपवायला जागा नसते. सोडलेला बाण परत घेता येत नाही, आणि दुसरा ओढायच्या आधी तुम्हाला पुन्हा पायांपासून सुरुवात करावी लागते. नुसतं हेच वारंवार करत राहण्यानं माणसात थोडा फरक पडतो. किती आणि कसा ते माणसागणिक बदलतं. माझ्यात पडला तो असा, की मी फोन उचलायच्या आधी एक श्वास घ्यायला लागले. याहून मोठा दावा मी करणार नाही.

झेनबद्दल, म्हणजे जपानी बौद्ध ध्यानपंथाबद्दल, पत्रात काही नाही म्हणून बरं वाटलं. परदेशात क्यूदो आणि झेन ही जोडी फार लोकप्रिय आहे. वॉर्डाच्या क्यूदोजोमध्ये झेनचा उल्लेखही बहुधा निघणार नाही. कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि पुढची परीक्षा कधी, यावर मात्र भरपूर बोलणं होईल.

आणि एका अर्थानं या विद्येचा उपयोग केव्हाच संपलेला आहे, हेच मला तिचं आवडतं. १५४३ मध्ये तानेगाशिमा बेटावर पोर्तुगिजांबरोबर बंदुका आल्या आणि पुढच्या काही दशकांत रणांगणावरचं धनुष्य मागे पडलं. तरी लोक ते ओढत राहिले. क्योतोच्या सांजूसांगेन्दो मंदिराच्या ओसरीत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सुमारे १२० मीटर, छपराला न लागता बाण मारायच्या चढाओढी चालायच्या. १६८६ मध्ये वासा दाइहाचिरो नावाच्या तरुणानं एका दिवसरात्रीत १३,०५३ बाण सोडले, त्यातले ८,१३३ पार गेले. लढाई नव्हती, काही नव्हतं. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी अमलात बुदोवर बंदी आली, ती उठता उठता १९४९ मध्ये आजचा अखिल जपान क्यूदो महासंघ उभा राहिला. त्याच मंदिरात आजही जानेवारीच्या मध्यावर, एका रविवारी, वीस वर्षांच्या झालेल्या मुली फुरिसोदे किमोनोच्या लांबलचक बाह्या बांधून ६० मीटरवर बाण मारतात. शिंकान्सेनचं, म्हणजे बुलेट ट्रेनचं, तिकीट परवडत असेल तर नवऱ्याला घेऊन जा. चेष्टा तिथे थांबेल.

आता तिसरा फायदा, आणि माझ्या मते तुमच्यासाठी तोच खरा आहे. दुपारच्या वर्गात येतात ती माणसं बहुतेक साठीच्या पुढची असतात. काही जण सत्तरी-ऐंशीतले. निवृत्त बँकवाले, विधवा बायका, सुईणीचं काम केलेल्या आजी. निशी-कासाईत तुमच्या आजूबाजूला भारतीय भरपूर आहेत, मराठी मंडळाचा गणपती आहे, किराणा आहे, आणि म्हणूनच सहा-सहा वर्षं राहूनही शेजारच्या जपानी बाईशी 'उकाडा आहे नाही' यापुढे बोलणं जात नाही. क्यूदोजोमध्ये बोलण्याची गरज कमी असते आणि एकत्र करायचं काम जास्त असतं, त्यामुळे तिथे ओळख होते.

उदाहरण सांगते. सगळ्यांचे बाण सोडून झाले की ते आणायला जायचं असतं, त्याला यातोरी म्हणतात. लक्ष्याकडच्या बाजूला लाल झेंडा लावतात, कुणीतरी टाळ्या वाजवतं, इकडून 'या आता' अशा अर्थाची हाक जाते, आणि मगच माणसं लक्ष्यासमोर उतरतात. मातीत रुतलेला बाण उपटायचा नसतो. टोकाजवळ धरून, आला त्याच दिशेनं हळूच बाहेर काढायचा. मग फडक्यानं टोकाची माती पुसायची, कुणाचा कुठला ते पिसांवरून ओळखून जुळवायचे आणि ज्याचे त्याला द्यायचे. तुमच्या पहिल्या दिवसापासून हे काम तुमच्याकडे येईल. तिसऱ्या आठवड्यात तुम्हाला कळलेलं असेल की करड्या पिसांचे बाण सातोसानचे, आणि एखाद्या दिवशी ते नसतील तर तुम्ही विचाराल, आज सातोसान नाहीत? बघा, जपानीतलं पहिलं न घोकलेलं वाक्य झालं. दिवसाच्या शेवटी वाळूमातीचा तो बांध पाणी मारून, चोपून सारखा करायचा असतो. अंगण सारवलेल्या बाईला ते काम शिकवावं लागत नाही.

म्हणून भाषेची काळजी करू नका. 'ओनेगाइशिमासु' (कृपया) आणि 'आरिगातो गोझाइमाशिता' (धन्यवाद) हे दोन शब्द दर पाच मिनिटांनी लागतात, बाकीचं हातानं धरून दाखवतात. टप्प्यांची नावं तर सगळ्याच नवख्यांना, जपान्यांनाही, नवीन असतात. एकच: सुरक्षेच्या हाका आणि खुणा पहिल्या दिवशीच नीट समजून घ्या, न लाजता दोनदा विचारा. माणसं समोर असताना धनुष्य उचलायचं नाही, हे न कळणं परवडत नाही.

डावरेपणाचं उत्तर छोटं आहे. क्यूदोत धनुष्य सगळ्यांच्याच डाव्या हातात असतं, डावऱ्यांच्याही. रांगेत सगळे एकाच बाजूला तोंड करून उभे असतात, एकटी उलटी उभी राहिली तर समोरासमोर येईल. पण तुमचं नुकसान नाही. धनुष्य पेलण्याचं, मनगट न डगमगू देण्याचं काम डाव्या हाताचं, आणि ते उजवखोऱ्यांना जड जातं.

खांद्याचं मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. दोन्ही हात डोक्याच्या वर उचलून बाजूंना उघडणं ही या विद्येतली मुख्य हालचाल आहे, आणि तुमचा दुखावलेला खांदा नेमका दोरी ओढणाऱ्या हाताचा आहे. आजच भिंतीला पाठ टेकून उभ्या राहा आणि दोन्ही हात कोपरं न वाकवता वर न्या. उजवा हात डाव्याइतका जात नसेल, किंवा शेवटी कळ येत असेल, तर वर्ग पुढच्या सत्रावर टाका. हात नीट जात असेल तरी हाडांच्या डॉक्टरांना एकदा दाखवा आणि त्यांना हालचाल करून दाखवा, नुसतं 'तिरंदाजी' म्हणू नका, ते ऑलिम्पिकवाली समजतील. वर्गात पहिल्याच दिवशी शिक्षकांना खांद्याचं सांगा. धनुष्याची ताकद किलोत मोजतात. नवख्या बायकांना आठ-दहा किलोपासून देतात, आणि तेही जड वाटलं तर रबरावर जास्त दिवस राहिल्यानं काही बिघडत नाही. उलट, शेजारची बाई पुढच्या धनुष्यावर गेली म्हणून आपणही जाणं, इथेच खांदे जातात. माणसं फार सभ्य असतात, तुम्हाला ढकलणार नाहीत. ढकलू ते आपणच आपल्याला.

गुडघ्यांचंही विचारून ठेवा. वज्रासनासारखं बसावं लागतं, आणि त्याहून त्रासाचं म्हणजे पायाची बोटं दुमडून टाचांवर तोललेलं बसणं. जमत नसेल तर सगळं उभ्यानं करायची रीतसर पद्धत आहे, त्यात कमीपणा नाही.

देव्हाऱ्याबद्दल. बऱ्याच क्यूदोजोमध्ये कामिदाना असतो, म्हणजे भिंतीवर उंचावर शिंतो पद्धतीचं छोटं देवघर. सरकारी क्रीडा केंद्रांत अनेकदा तेही नसतं, नुसता झेंडा असतो किंवा मोकळी भिंत. आत येताना, जाताना त्या बाजूला वाकतात. कुणी तुमचा धर्म विचारणार नाही, काही म्हणायला लावणार नाही. आपण तालमीत शिरताना माती कपाळाला लावतो त्यापेक्षा यात जास्त काही आहे असं मला कधी वाटलं नाही. तुम्हाला अवघड वाटलं तर शिक्षकांशी आधी बोला, पण मला नाही वाटत ती वेळ येईल.

खर्चाचं तुम्ही विचारलं नाहीत, नवरा विचारेल. नवशिक्यांच्या वर्गात धनुष्य, बाण, हातमोजा बहुतेक ठिकाणी तिथलाच वापरायला देतात. पुढे चालू ठेवलंत तर आधी युगाके स्वतःचा घ्यावा लागतो, कारण तो हाताप्रमाणे बसतो. वीस-तीस हजार येन धरून चाला. बाण तुमच्या हाताच्या मापाचे, आणि सुरुवातीला मापाहून चांगले लांब, कारण आखूड बाण जास्त ओढला गेला तर धनुष्याच्या आत येतो आणि ते धोक्याचं असतं. धनुष्य सगळ्यात शेवटी. पहिल्या वर्षी ते घेऊच नका, तुमची ताकद बदलत असते. वॉर्डाच्या क्यूदोजोची फी जिमच्या मानानं किरकोळ असते. खेळांसाठीचा वार्षिक अपघात विमा क्लबमधूनच काढतात, तो नाकारू नका. परीक्षेचं लगेच डोक्यात घेऊ नका, पण घाबरूही नका: पहिल्या दानला दोन बाण मारायचे असतात आणि ते लागलेच पाहिजेत असं नसतं, बघतात ते उभं राहणं आणि टप्पे. लेखी पेपरही असतो, आणि तुमच्यासाठी खरं अवघड प्रकरण तेच आहे.

पहिल्या दिवशी काय घालावं? पायात पांढरे मोजे, अंगात बटणं आणि खिसे नसलेला घट्ट टी-शर्ट. सुटलेली दोरी छातीवरून आणि गालाजवळून जाते, त्यामुळे बायका छातीवर मुनेआते नावाचा पट्टा बांधतात. तो बांधला तरी मंगळसूत्र आत नाही, घरीच ठेवा. कानातले काढा, केस मागे घट्ट. चष्मा असेल तर शिक्षकांना सांगा, ते मान किती वळवायची ते बघून देतात. आणि तरीही एक दिवस दोरी डाव्या हाताच्या आतल्या बाजूला सपकन बसेल, जांभळं होईल, डोळ्यांत पाणी येईल. धनुष्य पकडायची मूठ चुकली की असं होतं. मूठ सुधारली की सुटल्यावर धनुष्य हातातल्या हातात गर्रकन फिरतं आणि दोरी हाताच्या बाहेरच्या बाजूला जाऊन थांबते. ते मुद्दाम फिरवायचं नसतं. तुम्ही मुद्दाम फिरवाल, सगळेच फिरवतात, आणि ओरडा खाल. हिवाळ्यात एक बाजू पूर्ण उघडी असलेल्या त्या लाकडी खोलीत पाय गोठतील, तेव्हा मोज्यांच्या आत आणखी मोजे घाला.

आता अर्जाचं. वॉर्डाच्या अशा वर्गांना जागा थोड्या असतात आणि पुष्कळ ठिकाणी चिठ्ठ्या टाकून नावं काढतात. अर्ज ऑनलाइन असेल तर प्रश्न नाही. पत्रकात 'ओफुकू हागाकी' असं असेल तर ते जोडपोस्टकार्ड पोस्टात मिळतं: एका अर्ध्यावर तुमची माहिती, दुसऱ्या अर्ध्यावर उत्तर येण्यासाठी तुमचाच पत्ता. उत्तराच्या अर्ध्याची मागची बाजू कोरी सोडा, तिथे ते निकाल छापतात. वय लिहिताना बिचकू नका, त्या वर्गात तुम्ही तरुणांत मोडाल. नंबर लागला नाही तर क्रीडा केंद्राच्या खिडकीवर जाऊन विचारा की वॉर्डाचा क्यूदो संघ कुठल्या दिवशी सराव करतो आणि बघायला आलं तर चालेल का. बहुतेक वेळा चालतं. मुदत वर्ग सुरू व्हायच्या बऱ्याच आधी संपते, तेव्हा ते पत्रक रद्दीच्या गठ्ठ्यात गेलं असेल तर आजच काढा.